प्रतीक्षेचा चढ

म्हातारपणी माणूस गप्प होतो, हे जयमालाला कुणी शिकवलं नव्हतं. एकवीस वर्षं ती ते रोज डोळ्यांनी बघत होती. मिरजेबाहेरच्या ‘निवांत’ शुश्रूषागृहात ती मावशी होती. अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, नखं काढायची, दाढी करायची. नवीन आलेला माणूस पहिले सहा महिने पोराबाळांविषयी बोलतो, मग जेवणाविषयी, मग पोटाविषयी, आणि मग कशाविषयीच नाही, असा तिचा अनुभव होता. झाडाची पानं गळावीत तसं ते. त्यात कुणी वाईट वाटून घ्यावं असं तिला वाटत नव्हतं.

म्हणून डॉ. रेहाना मुजावर यांनी सगळ्या मावश्यांना जेवणघरात बसवून एक प्रश्नावली भरायला दिली, तेव्हा जयमालाचं सर्वांत आधी आटपलं. ‘उतारवयात उदास वाटणं साहजिकच असतं’ या वाक्यापुढं तिनं ‘सहमत’वर खूण केली. ‘निवासींशी फार जवळीक केल्यास कामावर परिणाम होतो’ यापुढंही ‘सहमत’. कागद परत देताना ती म्हणाली, “डॉक्टर, यात विचारण्यासारखं काय हाय? हातानं काम करायचं, जीव लावायचा न्हाई. एवढं ज्याला जमलं तो इथं टिकतो.”

रेहाना तिशीतली, मिरजेचीच. मानसोपचार शिकून परत आलेली. तिनं वाद घातला नाही. “तुम्हाला हे कुणी सांगितलं?” एवढंच विचारलं.

“आक्कांनी,” जयमाला म्हणाली आणि उठून गेली.

पाटील आक्का चार वर्षं तिच्याकडं होत्या. वेणी घालताना त्या जयमालाला आपल्या माहेरच्या विहिरीपासून सुनेच्या स्वभावापर्यंत सगळं सांगायच्या. आक्का गेल्या त्या दिवशी दुपारी दोन वाजता त्यांच्या खाटेवर दुसरी बाई आली आणि तिच्यासाठी चादर जयमालानंच घातली. महिनाभर तिला घास गिळवला नव्हता. आक्कांनी तिला शिकवलं ते असं, जाऊन. तेव्हापासून तिचे हात पूर्वीपेक्षा जास्त नेटके झाले होते आणि तोंड मिटलं होतं.

प्रश्नावलीनंतर आठवड्याभरात निवासींसाठी कडी आली. रबरी, मनगटात बसणारी, जुन्या घड्याळाच्या पट्ट्याएवढी. कागदोपत्री त्यांचं नाव ‘स्पंद’ होतं, मावश्या त्यांना कडंच म्हणायच्या. आतल्या बाजूला एक पातळ चकती होती, ती घामाचा कणभर अंश टिपायची. रेहानानं मावश्यांना ते फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचा एक स्राव असतो. पहाटे तो डोंगरासारखा चढतो, माणसाला उठवतो, कामाला लावतो. दिवस कलला की उतरतो. मन खचलेल्या माणसात हा डोंगर झिजतो. सकाळी चढ नाही, संध्याकाळी उतार नाही, सगळं माळरान. शिवाय निरोगी काळीज घड्याळासारखं टिकटिक करत नाही, दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमीजास्त होत असतं. खचलेल्या काळजाचे ठोके ताठर होतात. तिसरी गोष्ट बोटांची ऊब. भीतीनं बोटं गार पडतात, जिवाला बरं वाटलं की रक्तवाहिन्या सैलावतात आणि ऊब येते. कडं या तिन्ही गोष्टी दिवसरात्र मोजायचं आणि महिनाभरात त्या एका माणसाची चाल ओळखायला शिकायचं. माणूस तोंडानं ‘बरं आहे’ म्हणाला तरी मनगट खरं सांगायचं.

मावश्यांनाही कडी घालायला दिली होती. “तुलनेसाठी,” रेहाना म्हणाली. “आणि तुमचे आलेख फक्त माझ्याकडं राहतील. ऑफिसला दिसणार नाहीत.”

नऊ नंबरच्या खोलीत दिगंबर शेलार होते. वय एक्याऐंशी. बत्तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक, म्हणजे मिरज स्टँडच्या त्या काचेच्या खोलीत बसून भोंग्यावरून गाड्या पुकारणारा माणूस. बायको गेली, मुलगा हैदराबादला. इथं येऊन तीन वर्षं झाली होती आणि गेलं वर्षभर ते ‘हं’ आणि ‘नको’ याच्या पलीकडं बोलत नव्हते. खिडकीकडं तोंड करून पडलेले असायचे. जयमालाच्या हिशेबी ते शेवटच्या मुक्कामाला पोचले होते.

दोन महिन्यांनी रेहानानं तिला त्यांचा आलेख दाखवला. एक जवळजवळ सरळ रेघ होती.

“हे वय नाही, मावशी,” रेहाना म्हणाली. “चौदा नंबरच्या आजी नव्वदीच्या आहेत. त्यांचा डोंगर बघा, कसा उभा आहे. शेलार आजोबांना आजार आहे. गुडघ्याचा असावा तसा, मनाचा. त्यावर औषध असतं.”

जयमाला त्या रेघेकडं बघत राहिली. अंगात ताप असलेल्या माणसाला वर्षभर नुसतं पुसून-पासून झोपवत होतो, असं तिला वाटलं.

औषध सुरू झालं. “गोळ्यांना गुण यायला पाच-सहा आठवडे लागतात,” रेहाना म्हणाली होती. पण तिसऱ्याच आठवड्यात ती आलेख घेऊन जयमालाला शोधत धुणंघरात आली.

“रोज दहा वीसला हे काय होतंय?”

सपाट रेघेवर एक छोटा उंचवटा होता. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, सगळ्या दिवशी. रविवारी नाही.

“साडेदहाला मी त्यांची दाढी करते,” जयमाला म्हणाली.

“पण चढ दहा वीसला सुरू होतो. तुम्ही खोलीत जायच्या आधी.” रेहानानं बोट ठेवलं. “बोटांना ऊब येते, ठोके सैल होतात. तुम्ही गेल्यावर नाही, तुम्ही येणार म्हणून. मावशी, ते तुमची वाट बघतात.”

“माझी कशाला बघतील? मी काय करते? दाढी करते.”

“काही बोलता?”

जयमालानं आठवलं. जानेवारीत गावच्या जत्रेला जायचं होतं. शेलारांच्या गालावर साबण लावता लावता ती स्वतःशीच पुटपुटली होती, ‘जतला आता गाडी कधी मिळंल कुणास ठाऊक.’ आणि वर्षभर न बोललेला तो माणूस डोळे मिटूनच बोलला होता, संथ, घोगऱ्या, भोंग्यातल्या आवाजात: ‘मिरज-जत. भोसे, शिरढोण, नागज फाट्यामार्गे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे.’ तिचा वस्तरा हातातच थांबला होता. दुसऱ्या दिवशी तिनं गंमत म्हणून इस्लामपूरची गाडी विचारली. मग चिकोडीची. मग रोज एक. ते थांबे सांगायचे, आणि ती ‘हां’ म्हणायची. एवढंच. ती याला काम समजत नव्हती. उलट दोन मिनिटं वाया जातात म्हणून तिला थोडं अपराधी वाटायचं.

रेहानानं ते सगळं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, “हे बंद करू नका.”

पुढचे दोन महिने जयमालाच्या आयुष्यातले बरे दिवस होते. शेलार खाटेवरून खुर्चीत आले. दाढी करताना नुसती गाडी विचारली तरी ते आता प्रवासीही सांगू लागले. आटपाडीच्या गाडीला शुक्रवारी शेळ्या घेऊन चढणारी म्हातारी. जमखंडीच्या गाडीत बायकोला बसवून देणारा आणि गाडी हलली की फलाटाच्या टोकापर्यंत चालत जाणारा एक तरुण शिंपी. “पंधरा वर्षं बघितला त्याला,” शेलार म्हणाले. “बोललो नाही कधी. पण त्याची गाडी मी दोनदा पुकारायचो. तेवढाच त्याला वेळ.”

जयमाला गाल ताणून धरून ऐकायची. जीव लावायचा नाही, हे तिचं म्हणणं तसंच होतं. फक्त ती आता सव्वादहालाच गरम पाणी घेऊन निघायची.

रेहानाच्या त्या शोधाला नाव मिळालं: प्रतीक्षेचा चढ. माणूस कुणाची वाट बघतो हे मनगटावरून कळतं, ही गोष्ट लहान नव्हती. कडी बनवणाऱ्यांनी ते सगळीकडच्या कड्यांत घातलं. नातेवाइकांच्या मोबाइलवर दर रविवारी आलेख जाऊ लागला: आपल्या आईला, वडिलांना या आठवड्यात कुणाची ओढ होती. काही घरांत आनंद झाला असेल. पण बऱ्याच ठिकाणी लेकांना आणि लेकींना कळलं की त्यांच्या फोनच्या आधी मनगट गारच असतं, आणि चहा घेऊन येणाऱ्या बाईच्या आधी ते उबदार होतं. चौदा नंबरच्या आजींची मुलगी येऊन जेवणघरात रडून गेली.

एका रविवारी दुपारी जयमालाला तिच्या खोलीवर फोन आला.

“मी सुहास शेलार. दिगंबर शेलारांचा मुलगा.” आवाज तुटक होता. “मला एक विचारायचं होतं. माझ्या वडिलांना तुम्ही काय केलंय?”

“मी? काय न्हाई. दाढी करते.”

“मी दर रविवारी अकरा वाजता व्हिडिओवर बोलतो. तीन वर्षांत एकदाही चुकवला नाही. माझ्या फोनआधी काही नाही. फोननंतर रेघ खाली जाते. आणि तुमच्यासाठी रोज चढ. मावशी, तुम्ही त्यांना माझ्याविषयी काही सांगता का?”

जयमालाला राग यायला हवा होता. पण त्या आवाजात तिला दुसरंच काही ऐकू आलं. एवढा मोठा शिकलेला माणूस, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखा बोलत होता.

“तुम्ही काय विचारता त्यांना फोनवर?” तिनं विचारलं.

“काय म्हणजे? जेवलात का, गोळ्या घेतल्या का, काही हवंय का.”

“मग ते हो म्हणत असतील.”

“हो म्हणतात.”

“साहेब, तेवढं आम्हीबी विचारतो त्यांना. दिवसातनं चार वेळा.”

त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याची तक्रार आली नाही, पण इतर दोघा नातेवाइकांची आली. त्याच आठवड्यात व्यवस्थापक निकम यांनी सगळ्यांना बोलावलं. निकम वाईट माणूस नव्हता. त्यानं पडद्यावर रविवारचे आलेख लावले.

“जयमाला मावशी सुटीवर असतात त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या सहा माणसांचे आलेख घसरतात,” तो म्हणाला. “यात त्यांची चूक नाही, गुणच आहे. पण उद्या त्या पडल्या, गाव सोडून गेल्या, तर? सहा माणसं एका खुंटीला टांगून ठेवायची का? यापुढं दर महिन्याला प्रत्येक मावशीचा मजला बदलेल. कुणालाच एकाची सवय लागायला नको.”

रेहाना विरोधात बोलली. निकम म्हणाला, “मॅडम, तुमचंच यंत्र सांगतंय.”

जयमालाला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. आपण पुन्हा त्याच वाटेनं निघालो होतो, आणि कुणीतरी वेळेवर हात धरून मागं ओढलं. सोमवारी ती वरच्या मजल्यावर गेली. नऊ नंबरकडं भारती आली. भारती चांगली होती, चटपटीत. ती विजेच्या मशीननं तीन मिनिटांत दाढी उरकायची.

पहिला आठवडा ठीक गेला. दुसऱ्या आठवड्यात जिन्यात भारती भेटली. तिच्या हातातलं ताट जसंच्या तसं भरलेलं होतं.

“कुणाचं गं?”

“नऊ नंबर. खात न्हाईत दोन दिवस. परत भिंतीकडं तोंड करून पडल्यात.” भारतीनं खांदे उडवले. “वय झालंय, मावशी. आता असंच चालायचं.”

“वय न्हाई झालेलं,” जयमाला एवढ्या जोरात बोलली की भारतीच्या हातातलं पाणी हिंदकळलं. “आजार हाय तो. चौदा नंबरच्या आजी नव्वदीच्या हायत.”

ती तडक रेहानाच्या खोलीत गेली. शेलारांचा आलेख तिनं आता स्वतः मागितला. रेहानानं दाखवला. औषधानं थोडा उभा राहू लागलेला डोंगर पुन्हा खचला होता. दहा वीसचा चढ मात्र पहिले पाच-सहा दिवस होता. नेमका त्या वेळी. मग मशीनचा आवाज आला की रेघ खाली. सातव्या दिवसापासून चढ आलाच नव्हता.

“मी गोळी वाढवलीय,” रेहाना म्हणाली. “निकमांशीही बोलतेय.” तिनं पडदा जयमालाकडं वळवला. “मावशी, मी तुम्हाला आणखी एक आलेख दाखवू का? तुमची हरकत नसेल तर. तो तुमचाच आहे.”

पडद्यावर दुसरी रेघ आली. त्यावर खाली जयमालाचं नाव होतं. सकाळी उंच डोंगर, कष्टाच्या माणसाचा. मग उतार. आणि दहा वीसला एक चढ. काल होता. परवा होता. वरच्या मजल्यावर गेल्यापासून रोज होता.

“दहा वीसला तुम्ही कुठं असता आता?”

“कपड्यांच्या कपाटापाशी,” जयमाला म्हणाली. “घड्या घालत असते.”

आपल्या हातांकडं ती बघत राहिली, जणू ते तिला न सांगता कुठंतरी जाऊन आले होते. मग ती उठली आणि खाली गेली.

नऊ नंबरमध्ये शेलार भिंतीकडं तोंड करून होते. तिनं गरम पाणी आणलं होतं, फेस केला, गाल ताणला. ती म्हणाली, “आजोबा, विट्याला जायचंय.” उत्तर आलं नाही. तिनं सगळी दाढी केली, तोंड पुसलं. ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला.

“गाडी वेळेवर नव्हती.”

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

त्या दुपारी तिनं सुहासला फोन लावला. आयुष्यात कुणा निवासीच्या घरी तिनं आपणहून फोन केला नव्हता. निकमला कळलं तर बोलणी बसणार, हे तिला ठाऊक होतं.

“तुम्ही या,” ती म्हणाली. “दोन दिवसांसाठी न्हाई, चांगले दहा-पंधरा दिवस या. डॉक्टर औषध देतायत, ते पाहिजेच. पण त्यांना कुणाची तरी वाट बघायला पाहिजे. माझा मजला बदलला. परत बदलून घेतला तरी उद्या परत बदलंल. तुम्ही मुलगा हायसा. तुमचा मजला कोण बदलणार?”

“ते माझी वाट बघत नाहीत, मावशी. मला ते दर आठवड्याला कागदावर दिसतं.”

“या तर खरं.”

तो चौथ्या दिवशी आला. उंच, खांद्यात वाकलेला, पन्नाशीचा माणूस. संगणक बरोबर घेऊन आला होता, दिवसा पाहुण्यांच्या खोलीत बसून काम करायचा. निकमनं जयमालाला बोलावून कानउघाडणी केली. पण मुलगा स्वतः आलाय म्हटल्यावर, दहा दिवस सकाळी अर्धा तास तिला खाली जाऊ दिलं.

पहिल्या सकाळी तिनं वस्तरा सुहासच्या हातात दिला.

“मला नाही येत,” तो म्हणाला. “कापेल त्यांना.”

“कापू दे. तुरटी हाय.”

जयमालानं त्याचं बोट धरून वडिलांच्या कानशिलापाशी ठेवलं. “हितं ताणायचं. कातडी सैल असते, ताणल्याबिगर वस्तरा अडकतो. वरनं खाली. हनुवटीला उलटं.” सुहासनं वडिलांच्या गालाला याआधी कधी हात लावला होता, हे त्यालाही आठवत नसावं. तो श्वास रोखून काम करत होता. शेलारांनी डोळे मिटले होते, पण मान त्यांनी न सांगता वर केली.

“आता गाडी विचारा,” जयमाला हळूच म्हणाली.

“गाडी?”

“कुठलीबी.”

सुहास गोंधळला. मग म्हणाला, “बाबा, हैदराबादला जायचं झालं तर?”

खोलीत नुसता वस्तऱ्याचा आवाज. गालावरून पाणी ओघळलं, ते जयमालानं टिपलं.

“थेट नाही,” शेलार म्हणाले. डोळे मिटलेलेच. “सोलापूरला बदलायची. पुढच्या गाडीला दोन तास थांबावं लागतं. बसायला जागा बघून बसायचं. पिशवी पायात धरायची.” मग थोड्या वेळानं, “तू पहिल्यांदा गेलास तेव्हा मी सोलापूरच्या कंट्रोलरला फोन केला होता. माझा मुलगा आहे, त्याला खिडकी दे म्हणून.”

सुहासचा वस्तरा थांबला. “मला खिडकी मिळाली होती,” तो म्हणाला. “नशिबानं मिळाली असं वाटलं होतं.”

जयमाला दार ओढून बाहेर आली. ओला पंचा वाळत टाकून ती वर कामाला गेली.

चौथ्या दिवसापासून ती फक्त पाणी नेऊन देऊ लागली. सहाव्या दिवशी तेही सुहासनंच नेलं. नवव्या दिवशी रेहानानं तिला आलेख दाखवला. शेलारांच्या रेघेवर दहा वीसचा चढ परत आला होता. त्या वेळी जयमाला इमारतीतच नव्हती. एका आजींना डोळ्यांच्या तपासणीला घेऊन गेली होती. चढ सुहाससाठी होता.

“हे तुम्ही केलंत,” रेहाना म्हणाली.

“लई बरं झालं,” जयमाला म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं. आणि त्याच वेळी छातीत काहीतरी सुटून खाली गेलं, विहिरीत बादली सुटावी तसं. दोन्ही एकदम कसं होतं, हे तिला कळेना.

सुहासनं वडिलांना हैदराबादला न्यायचं ठरवलं. तिथल्या डॉक्टरांशी रेहाना बोलली. निघायच्या सकाळी जयमालानं शेलारांची पिशवी भरली, स्वेटरच्या घड्या घातल्या. शेलार गाडीत बसले. काच खाली करून ते तिच्याकडं बघत राहिले. निरोपाचं बोलणं त्यांना येत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी माणसांना गाडीत बसवून दिलं होतं, स्वतः कधी निघाले नव्हते.

“या,” ते शेवटी म्हणाले.

“येते की,” जयमाला म्हणाली, जसं कुणीही म्हणतं तसं.

नऊ नंबरमध्ये दुसरे आजोबा आले, निवृत्त गवंडी, तोंडाचे तिखट. महिना भरल्यावर जयमालाचा मजला पुन्हा बदलला. काम चाललं होतं. पण एवढा फरक झाला होता की कुणी गप्प पडलं की ती भारतीला किंवा नव्या मावश्यांना सांगायची, “डॉक्टरांना कळव. आणि खोलीत जाशील तेव्हा काहीतरी विचार. ज्याचं उत्तर हो-न्हाईत येणार न्हाई असं.” चौदा नंबरच्या आजींना भारती आता रोज एका भाजीची कृती विचारू लागली होती.

जयमालाच्या कड्यावर मात्र दहा वीसचा चढ चालूच होता. जून गेला, जुलै गेला. ती कुठंही असो, हातात काहीही असो, त्या वेळी बोटं उबदार व्हायची आणि अर्ध्या तासानं गार पडायची. आता ते तिला कड्याशिवायच कळायचं.

ऑगस्टमध्ये ती रेहानापुढं जाऊन बसली.

“डॉक्टर, मला गोळी द्या. माझंबी बिघडलंय.”

रेहानानं तिचे तीन महिन्यांचे आलेख काढले. झोप विचारली, जेवण विचारलं, कामात मन लागतं का विचारलं. सगळं शांतपणे तपासलं.

“गोळीची गरज नाही,” ती म्हणाली. “आजारात डोंगर सपाट होतो. तुमचा डोंगर उभा आहे. रोज तुम्ही वरपर्यंत चढता. फक्त वर पोचल्यावर तिथं कुणी नसतं.”

“मग याला काय म्हणायचं?”

“आठवण,” रेहाना म्हणाली. “तुम्हाला त्यांची आठवण येते, मावशी. यात बिघडलेलं काही नाही.”

जयमाला हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, “आमच्या कामात हे बसत न्हाई.”

“बसायला हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी ती निकमपुढं रजेचा अर्ज घेऊन उभी राहिली. चार दिवस. निकमनं पडद्यावर कारणांची यादी उघडली: आजारपण, लग्नकार्य, कुटुंबातील मृत्यू.

“कुठलं लावू?” त्यानं विचारलं.

“भेटायला जायचंय.”

“कुणाला?”

“शेलार आजोबांना. हैदराबादला.”

निकमनं चष्मा काढला. “मावशी, ते आता आपले निवासी नाहीत.”

“म्हणूनच म्हणते. निवासी असते तर ड्यूटीवरच भेटले असते.”

त्यानं यादी वरखाली केली. तसं कारण त्यात नव्हतं. मग त्यानं पडदा बंद केला आणि कागदावर हातानं ‘भेट’ असं लिहून खाली सही केली.

हैदराबादला सुहास स्टेशनवर घ्यायला आला होता. त्याच्या हनुवटीवर वस्तऱ्याची बारीक खूण होती. आता तोही मशीन वापरत नव्हता, वडिलांबरोबरच दाढी करायचा. घरी सुनेनं, मेघनानं, तिला पाणी दिलं आणि “ताई, बसा” म्हणाली. जयमाला सवयीनं बादली कुठं आहे ते बघत होती. मग तिच्या लक्षात आलं की इथं तिला करायला काहीच नाही. शेलारांची अंघोळ झालेली होती. कपडे स्वच्छ होते. नखं कापलेली होती. ते गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसले होते, पूर्वीपेक्षा बारीक, पण ताठ. त्यांच्यासमोर दुसरी खुर्ची ठेवलेली होती.

ती तिथं बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यासमोर बसत होती. आजवर ती कायम त्यांच्या डोक्याशी उभी असायची. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना, म्हणून तिनं ते मांडीवर ठेवले.

“प्रवास?” शेलारांनी विचारलं.

“झाला.”

“खिडकी?”

“मिळाली.”

त्यांनी मान हलवली. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाक गेली. दोघं ती ऐकत बसली. जयमालाला गप्प बसलेल्या माणसांची सवय होती; पण ही गप्पता निराळी होती, हिच्यात दोघं होती.

इतक्यात शेजारचे बिडकर आले. हैदराबादेतच जन्म काढलेले मराठी गृहस्थ, रोज या वेळी शेलारांशी पत्ते खेळायला यायचे. अनोळखी बाई बघून ते दारातच थांबले.

“पाहुणे का? ह्या कोण तुमच्या?” त्यांनी विचारलं. “बहीण?”

“नाही,” शेलार म्हणाले.

मग ते शब्द शोधू लागले. जयमाला खाली बघत राहिली. मावशी म्हणतील, किंवा तिकडं कामाला होत्या म्हणतील, आणि ते खरंच होतं. तिला त्याचं काही वाटणार नव्हतं.

“ह्यांची मी वाट बघतो,” शेलार म्हणाले.

बिडकरांना ते नीटसं कळलं नसावं. “असं असं,” म्हणत त्यांनी पत्ते खिशात परत ठेवले आणि उद्या येतो म्हणून ते निघाले. आतून मेघनानं चहा झाल्याचं सांगितलं. ट्रे आणायला उठायचं म्हणून जयमालाचे हात मांडीवरून उचलले गेले होते. ते तिनं परत खाली ठेवले आणि ती बसून राहिली.